आंबट आधी, मग राख

मंगळवारी सकाळी मी शाळेत गेले. आई बाथरूम धुवायला गेली. अकरा वाजता शेजारच्या उषाचा फोन आला. गुरुवारी आई वारली.

गावी मी कळवलं, दमा उसळला. आईला दमा होता, त्यामुळे पुढे कोणी काही विचारलं नाही. माझ्या धाकट्या बहिणीने, कुंदानेही नाही. पण आई दम्याने गेली नाही. हे कुंदाला सांगायला मला पाच महिने लागले. तुम्हाला आज सांगते आहे, गावात राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनाही.

मी सिल्वासाला शिक्षिका म्हणून आले, त्याला अकरा वर्षं झाली. वडील गेल्यावर आई रत्नागिरीकडच्या आमच्या घरात एकटी राहू लागली. दोन वर्षं मी तिला चल म्हणत होते. शेवटी ती निघाली, तेव्हा अंगणात शेजारच्या शेवंतीकाकू उभ्या होत्या. म्हणाल्या, "लेकीकडे राहायला निघालीस? किती दिवस?"

"पाणी गोड असलं तर बरेच दिवस," आई म्हणाली.

"आणि नसलं तर?"

"तर लेकीला गोड करून घेईन."

काकू हसल्या आणि मग पदर डोळ्यांना लावला. आईच्या पिशवीत आमसुलं होती, नारळाचा काथ्या होता आणि फडक्यात बांधलेली न्हाणीच्या चुलीतली चाळलेली राख होती. मी म्हटलं, राख कशाला? ती म्हणाली, "तुझ्याकडे चूल नाही ना? मग?" गाडीत ती पिशवी तिने मांडीवरून खाली ठेवली नाही.

आमच्या न्हाणीचा धोंडा ती कसा घासायची, हे गावातल्यांना वेगळं सांगायला नको. सारातून काढलेली आमसुलं, पिळून झालेल्या लिंबांची सालं, कधी चिंचेचा चोथा. आधी आंबट चोळायचं, थोडा वेळ मुरू द्यायचं, वर राख भुरभुरायची आणि काथ्याने घासायचं. "आंबट आधी, मग राख," हे आम्ही बहिणी पाढ्यासारखं शिकलो. न्हाणीला दाराच्या जागी गोणपाट होतं आणि वर आभाळ. तिथून वास आला काय, गेला काय, कोणाला कळतही नसे.

इथे सिल्वासाजवळ सामरवरणीत माझा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे. बोअरचं पाणी जड. नळाच्या तोटीवर, फरशीच्या सांध्यांत, बादलीच्या काठावर पांढरे थर चढतात, मग ते पिवळे पडतात. आईला ते बघवेना. पहिल्याच आठवड्यात तिने फडक्यातली राख संपवली. मग उषाने तिला खायच्या सोड्याचं पाकीट आणून दिलं. उषा नंदुरबारकडची, तिचा नवरा दादऱ्याला सुताच्या कंपनीत आहे. "आजी, आमच्याकडे पण राखच," ती म्हणाली, "पण इथे शेगडी नाही, चूल नाही, नुसता सिलिंडर. सोडा टाकून बघा, फसफसतो, मज्जा येते." दोघी बाथरूमच्या दारात उकिडव्या बसून सोडा फसफसताना बघत होत्या. मी शाळेतून आले तर दोघींचं लक्षही नाही.

डाग जात होते, पण हळूहळू. तोवर कोपऱ्यातल्या वाडग्यात लिंबाची सालं साचायची, त्यांवर चिलटं यायची. आमसुलांचा वास बाहेरच्या खोलीपर्यंत यायचा. जून महिना, शाळा नुकतीच सुरू झालेली. बुधवारी शाळेतल्या चार बाई घरी चहाला यायच्या होत्या. मला लाज वाटली. कसली, हे आता सांगता येत नाही. मी पुस्तकं वाचते, वर्गात मुलांना सांगते की आपल्या घरातलं ज्ञान विसरू नका. आणि शनिवारी मी आईला म्हटलं, "हे बंद कर आता. घरभर वास येतो. इथे नाही चालत हे."

स्कूटरवर कॅन बांधून फिनाइल, अ‍ॅसिड विकणारा माणूस आमच्या गल्लीत येतो. त्याच्याकडून मी अ‍ॅसिडची बाटली घेतली. गटारीत टाकायला आणलेला ब्लीचिंग पावडरचा डबा घरात होताच. मी दोन्ही तिच्यापुढे ठेवलं. "ह्याने डाग जातात. ह्याने वास जातो." मी स्वतः दोन्ही वापरायचे, पण एक एका दिवशी, दुसरं दुसऱ्या. त्यामागे काही कारण आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी कधी वाचलंही नव्हतं.

आईने बाटलीचं झाकण उघडून लांबूनच वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. मग डबा हलवून पाहिला. तिचा चेहरा एकदम उजळला.

"म्हणजे हे आंबट, आणि ही राख."

मी वह्या तपासत होते. हसून म्हटलं, "हो, तसंच समज."

एवढंच. त्या तीन शब्दांपलीकडे मी काही केलं नाही.

मंगळवारी तिने फरशीवर अ‍ॅसिड ओतलं, मुरू दिलं आणि वर पावडर भुरभुरली. माझ्या बाथरूमची खिडकी वहीएवढी आहे, आणि ती बंद होती. घरात वास जाऊ नये म्हणून तिने दारही लावून घेतलं होतं. मला वास आवडत नाही, हे तिच्या लक्षात होतं.

उषाला खोकला ऐकू आला. तिने आईला ओढत गॅलरीत आणलं. फोनवर ती रडत म्हणाली, "मॅडम, टाकीत पावडर टाकल्यावर येतो ना, तसा वास, पण लई जास्त. डोळे उघडत नाहीत माझे. तुम्ही या."

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "एसिड में ब्लीचिंग डाला था क्या?" मला प्रश्न कळला नाही. त्यांनी पुन्हा विचारला. मग ते म्हणाले की त्यातून विषारी वायू होतो, आणि आधीच दमा असलेल्या माणसाला तो फार लवकर धरतो. मी उभी होते. ते कुठल्यातरी दुसऱ्याच घराबद्दल बोलत आहेत, असं मला वाटत राहिलं.

बुधवारी त्या चार बाई आल्या. दवाखान्यात, डबा घेऊन. माझं बाथरूम त्यांनी अजून पाहिलेलं नाही.

त्या संध्याकाळी आईने तोंडावरचा मास्क बाजूला केला. "बाय, पावडर थोडी जास्त पडली गं माझ्याकडून." मी म्हटलं, "बोलू नकोस." तुझं चुकलं नाही, हे मी म्हटलं नाही. ते म्हटलं असतं तर मग कोणाचं चुकलं, हेही सांगावं लागलं असतं.

दिवाळीच्या आधी कुंदाचा फोन आला. घराची साफसफाई काढली होती, आवाज खुशीत होता.

"ताई, आईने मला शेवटचा फोन केला होता ना सोमवारी, तेव्हा सांगत होती. म्हणाली, माझी बाय हुशार. आपलंच आंबट आणि आपलीच राख तिकडे बाटलीत न् डब्यात मिळते. उद्या करून बघते म्हणाली. मी पण आणलंय बाजारातून दोन्ही. आंबट ओतून आलेय आत्ताच. किती वेळ मुरू द्यायचं गं?"

मी किंचाळले. माझा आवाज असा असतो, हे मला माहीत नव्हतं. पावडरला हात लावू नकोस, बाहेर हो, दार उघड, खिडकी उघड. ती गोंधळून म्हणाली, "अगं हो, हो, अंगणातच आहे मी. काय झालं?" मग मी सगळं सांगितलं. वह्या तपासत होते, हेही सांगितलं.

ती म्हणाली, "पाच महिने तू मला दमा सांगितलास."

"हो."

"आणि मी आत्ता फोन केला नसता तर?"

तिने फोन ठेवला.

मी आता बाथरूम लिंबाने आणि खायच्या सोड्याने धुते. आधी लिंबू, मग सोडा, मग भरपूर पाणी. डाग पूर्ण जात नाहीत. तुमच्या घरी बाटली आणि डबा दोन्ही असतील तर एकमेकांपासून लांब ठेवा. ब्लीचिंग पावडरजवळ काहीच आंबट नेऊ नका, साधं लिंबूसुद्धा नाही. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाने काही विचारलं तर हातातलं काम खाली ठेवून उत्तर द्या.

पूर्वी घर म्हटलं की मला गावचं अंगण दिसायचं. नंतर काही महिने, आई इथे होती तेव्हा, हा फ्लॅटही घर वाटायचा. आता तो शब्द आला की मला कुंदा आठवते, दुसरं काही नाही. तिच्या नवऱ्याने कळवलं की तिने पावडर टाकली नाही, फरशी पाण्याने धुऊन काढली. त्यानंतर मी बरेच फोन केले. ती उचलत नाही.

आई नाही. कुंदा जिवंत आहे, आणि माझ्याशी बोलत नाही.