गोदामाला सील लागलं तेव्हा

माझी मोठी मुलगी तेव्हा अंगावर पीत होती. आमगाव रोडच्या एका राईस मिलमध्ये आम्ही बाया उकडलेलं धान पटांगणात वाळवत असू. लहान लेकरं असलेल्या बाया गोदामात, कोंड्याच्या पोत्यांमागे साडीची झोळी बांधत. तिथे थंड असे आणि मशीनच्या घरघरीत लेकरू झोपून राही.

त्या दुपारी आत माझी एकटीचीच झोळी होती, तेव्हा विक्रीकराचे साहेब जीपने आले. मिल बंद केली, मेन स्विच पाडला. आम्हाला पटांगणाच्या टोकाला बसवलं आणि कोणी उठायचं नाही म्हणून सांगितलं. इतकी शांतता मी तिथे कधी ऐकली नव्हती. उघड्या धानावर चिमण्यासुद्धा उतरल्या नाहीत. मशीन थांबलं म्हणजे मुलगी उठून रडायला हवी होती. मी कान देऊन बसले. काहीच नाही.

मालक बाहेरगावी होते, म्हणून साहेबांनी टॉर्चने पोती मोजून गोदामच बंद केलं. दार पलीकडच्या बाजूला होतं. शिपाई बोटांवरची सीलची लाख खरवडत आला, तेव्हा मला कळलं, दाराला कुलूप लागलं.

परक्या माणसाशी मला बोलता येत नाही. मी अर्धी उठले, परत बसले. शेजारच्या म्हातारीने मला ढोसलं. "काऊन उठबस करून राहिली व?"

"पोरगी अंदर हाये."

ती उठलीच. "ओ साहेब! कुलूप खोला, अंदर लेकरू हाये!"

"आत कोणी नाही. सगळं तपासलंय. पंचनाम्यावर सह्या झाल्या."

"पोते मोजले ना तुम्ही? लेकरू का पोत्यात रायते?"

साहेबांचा चेहरा उतरला. पंचांशिवाय सील तोडता येत नव्हतं, आणि पंच म्हणून सही केलेला पानठेलेवाला आपल्या ठेल्यावर परत गेला होता. त्याला आणेपर्यंत मी दाराला कान लावून उभी राहिले. आत दोरी करकरत होती. कोणी झोका देताना करकरते, तशी.

सील तुटलं. टॉर्चच्या उजेडात झोळी हलत होती, सावकाश, एका लयीत. मुलगी जागी होती. पोत्यांच्या वर, अंधारात कुठेतरी बघत ती हसत होती.

मी तिला उचललं. झोळीची साडी सोडायला लागले तर साहेब म्हणाले, "राहू द्या, बाई. आतलं काही बाहेर नेता येणार नाही." त्यांचाही आवाज खाली आला होता. पुन्हा कुलूप, पुन्हा लाख.

रस्त्यात तिला पदराखाली घेतलं, पण तिने तोंड लावलं नाही. माझ्या खांद्यावरून त्या दाराकडे बघत राहिली. दार दिसेनासं झालं, तेव्हा कुठे रडली.