शास्त्रात नसलेलं वचन

नामांतराच्या दंगलीत आमची वस्ती जळाली, तेव्हा वडिलांचं पवित्र शास्त्रही जळालं. ते खेडोपाडी फिरून प्रार्थना घेणारे ख्रिस्ती उपदेशक. लोक त्यांना मास्तर म्हणत. आम्ही परभणीत भाड्याच्या खोलीत आलो आणि पुढचे चार-पाच महिने वडिलांनी सगळे उपदेश पाठांतरावर निभावले. त्यांच्या स्मरणशक्तीचा आम्हाला कोण अभिमान! आता तो अभिमान आठवला तरी थकायला होतं.

वस्तीतली एक म्हातारी मात्र गाव सोडेना. आगीच्या दिवशी तिचा तरणा मुलगा जीव घेऊन पळाला, तो परतलाच नाही. तिला धीर देताना वडिलांनी शास्त्रातलं म्हणून एक वचन सांगितलं होतं: हाकललेल्याला मी त्याच्याच उंबऱ्यावर परत आणीन. तेवढ्या भरवशावर ती जळक्या भिंतींवर पत्रा टाकून एकटी राहत होती, थंडीतसुद्धा.

नाताळाच्या तोंडावर चर्चच्या मंडळीने वडिलांना नवं शास्त्र दिलं. त्यांनी आधी ते वचन शोधलं. मग मला शोधायला बसवलं. आठवडाभर कॉलेज बुडवून मी पान न् पान चाळलं. वचन कुठंच नव्हतं. इथलं थोडं, तिथलं थोडं जुळून ते वडिलांच्या मनातच तयार झालं असावं.

"राहू द्या ना," मी वैतागून म्हणाले. "तिला कुठं वाचता येतंय?"

"म्हणून तर जायला पाहिजे."

पॅसेंजरने चुडाव्याला उतरून आम्ही तासभर चालत गावी पोचलो. म्हातारी चुलीपुढे बसली होती. वडील उभ्यानेच म्हणाले, "मावशी, मी सांगितलेलं वचन शास्त्रात न्हाई. माजी चूक झाली."

तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "मग तो येणार न्हाई म्हून लिवलंय का?"

"तसंबी न्हाई लिवलं."

"मग काय लिवलंय ते वाचा."

वडील वाचू लागले. एक अध्याय झाला, दुसरा झाला, त्यांचा घसा बसला. मला त्यांची कीव येत होती आणि रागही. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं.

"लय चांगलं हाय, मास्तर," ती म्हणाली. "पर माजा पोरगा त्यात कुठंच न्हाई."

आणि तिने लुगडं पसरून त्यात भांडी बांधायला घेतली.