आबांच्या वाट्याचा शिंगटा

मंडळी, आज महिन्याभरानं दौंडच्या मासळी बाजारात गेलो.

नदीत आता चिलापीच फार, शिंगटा क्वचितच घावतो. मधला एकच काटा, म्हणून आमच्याकडं तो बाळंतिणीला आणि दात पडलेल्यांना देतात. माझ्या वडिलांसाठी, आबांसाठी, मासेवाल्या मामी दर रविवारी एक बाजूला ठेवायच्या.

आजही ठेवला होता. "तीन रविवार वाट बघितली तुमची. आबांना घास जातोय न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो.

आबांना जाऊन महिना झालाय.

घरी कालवण झालं. मी जेवलो. दोन भाकरी खाल्ल्या, काहीच वाटलं नाही.

पुढच्या रविवारीही मामी ठेवणार आहेत. तुम्ही असता, तर त्यांना सांगितलं असतं?