भिंतीवरून काढलेला लिनचा फोटो

काल दुपारी लिन गेली. तिचा फोटो मी इथे टाकणार नाही.

लिन हे तिचं खरं नावही नाही. नाती, शहरं थोडी बदलून लिहितेय. मराठीत लिहिलं की तिकडे चीनमध्ये कोणाला कळणार नाही, असं मला वाटत नाही. कुठल्याही भाषेतलं वाचायला माणसं पगारावर ठेवलेली असतात.

आम्ही दोघीही तसलीच, वाचायला पगारावर ठेवलेली माणसं होतो.

ओळख झाली इथे इंग्लंडमध्ये, ऑफिसच्या मायक्रोवेव्हपाशी. माझा डबा आत फिरत होता आणि मी शाळेतलं एक प्रार्थनागीत गुणगुणत होते. मागून कोणीतरी पुढची ओळ म्हटली.

"नन्स?" तिने विचारलं.

"हो. पुण्याच्या. तुझ्या?"

"हाँगकाँग. आयरिश. फूटपट्टीवाल्या."

"आमच्या पण!"

त्या दिवसापासून डबा एकत्र.

आमचं काम म्हणजे परदेशातले पेपर, रेडिओ, टीव्ही बघायचे आणि इंग्रजीत रिपोर्ट लिहायचा. माझ्याकडे हिंदी-उर्दू. तिच्याकडे चीन.

लिन भाषणं फारशी वाचायचीच नाही. "भाषणात सगळे आनंदात असतात," म्हणायची. ती फोटो बघायची. स्टेजवर कोण कुठे बसलंय, मोठ्या साहेबांपासून किती लांब, आणि मागच्या वेळी होता तो आज कुठे गेला. एखादा मंत्री दोन-तीन कार्यक्रमांत दिसला नाही, की ती चष्मा पुसून कामाला लागायची. मग कधीतरी एका ओळीची बातमी यायची, पदावरून दूर केल्याची. कारण नाही. माणूस कुठे आहे, तेही नाही.

"आमच्याकडे सोपं आहे," मी म्हणायचे. "नेता नाराज झाला की स्वतःच प्रेस कॉन्फरन्स घेतो."

"चैन आहे तुमची," ती म्हणायची.

रिटायर झाल्यावर ती लंडनजवळ स्लाऊला आली, माझ्या घराच्या मागच्याच रस्त्यावर. सीमेवर आपले जवान गेले, त्या उन्हाळ्यात आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकीने मला विचारलं, "काय गं, तुझी चिनी मैत्रीण काय म्हणते?" मी लिनला वाचून दाखवलं.

"सांग तिला, माझंही त्यांच्याशी पटत नाही. म्हणून तर तुझ्या हातचं पिठलं खातेय."

दर जूनमध्ये ती लंडनला जाऊन, चिनी सैन्याने चौकात मारलेल्या विद्यार्थ्यांसाठी मेणबत्ती घेऊन उभी राहायची. गर्दीच्या एका फोटोत तिचा चेहरा स्पष्ट आला, आणि तो तिकडेही पोचला.

तिकडे तिची धाकटी बहीण आहे. सरकारी शाळेत मुख्याध्यापिका. नवराही सरकारी नोकरीत. फोनवर दोघी बहिणी फक्त जेवणाबद्दल बोलायच्या. काय केलंस, सूपमध्ये काय घातलंस. बाकी काही नाही. कोण ऐकतंय, काय सांगावं.

मग एका चिनी नववर्षाला बहिणीने घरचा फोटो पाठवला. गोल टेबल, मासा, सगळे हसतायत. लिनने फोन जवळ घेतला आणि मागची भिंत मोठी केली. तिथे आईवडील, बहिणीचं लग्न आणि लिनचा पदवीदानाचा फोटो असायचा.

"मला काढलंय," ती म्हणाली. अगदी ऑफिसच्या आवाजात.

"कशावरून?"

"खिळा तसाच आहे. जागी दुसरं काही लावलेलं नाही. घाईत काढलंय."

"अगं, काच फुटली असेल. विचार ना तिला."

"फोनवर? वेडी आहेस का तू?"

थोड्या वेळाने म्हणाली, "शहाणी झाली माझी बहीण. बरंच झालं." आणि चहा टाकायला उठली.

पुढे तिने बहिणीला कधी विचारलं नाही. पण मला माहीत होतं, तो रिकामा खिळा तिच्या डोक्यातून गेला नव्हता. बहिणीने घाबरून काढलं, की मनातूनच काढलं? एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

हॉस्पिटलमध्ये शेवटचा फोन आला तेव्हा तो मी तिच्या कानाशी धरला होता.

"जेवलीस का?" बहीण विचारत होती, एवढं कँटोनीज मला येतं.

"जेवले. माशाचं सूप होतं," लिन म्हणाली. तिला पाणीही गिळता येत नव्हतं.

आज सकाळी तिची भाची आली. एडिनबराला शिकते, रात्रभर बसमध्ये होती. तिला टोस्ट दिला आणि विचारूनच टाकलं.

"हो, आईनेच काढला तो फोटो," ती म्हणाली. "बाबांच्या ऑफिसचे लोक जेवायला येणार होते."

म्हणजे लिनने बरोबर वाचलं होतं.

"मग आता कुठे आहे?"

"आईच्या कपाटात. दाराला आतून लावलाय. ती रोज सकाळी कपडे काढताना त्याच्याशी बोलते." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशीला माहीत नव्हतं, आंटी?"

"नाही."

तिने टोस्ट खाली ठेवला. मी कप धुतले. ते धुतलेलेच होते.

रडू येत नाहीये. कोणी फोन करू नका.

अंत्यविधी गुरुवारी, मोजक्या लोकांत. फोटो काढू नका, प्लीज. ऑनलाइन काहीही नाही.

तिचा राइस कुकर आणि हिवाळी कोट भाचीला दिलेत. पुस्तकं, चिनी आणि इंग्रजी दोन्ही, ऑफिसमध्ये तिच्या जागी आलेल्या मुलीला. ती शनिवारी गाडी घेऊन येतेय. बाकीचे कपडे हॉस्पिसच्या धर्मादाय दुकानात. बाल्कनीतल्या कुंड्या ज्याला हव्या त्याने न्या, फक्त पाणी घालत जा.

अस्थी बहिणीच्या. तिला बिनधास्त येता येईल तेव्हा तिने न्याव्यात. तोवर माझ्याकडे राहतील.

माझ्यानंतर माझ्या मुलीकडे. तिला सांगून ठेवलंय.