बदकाला पाय

आमच्या मेंढरांची खूण म्हणजे कुशीवर एक पिवळी रेघ. बापानं ठरवलेली. तोंडावरून मेंढरू मी वळखतो, पण समोरचाही म्हणतो मी वळखतो. मग भांडण मिटायचं कसं? म्हणून आमच्या शिरूर कासारकडं प्रत्येक कळपाची खूण वेगळी.

यंदा कातरणी झाल्यावर रेघा ओढायला नातीला बसवलं. आई-बाप ऊसतोडीला गेलेले, ती माझ्याजवळ. शाळेच्या बाईंनी मोबाइलवर चित्रं शिकवायचे व्हिडिओ धाडलेले, अन् घरातले कागद संपलेले.

"आबा, रेघेच्या जागी बदक काढू?"

"काढ की. रेघ काय, कुणीबी ओढतंय."

व्हिडिओतल्या बाईनं बदक काढलं, खाली नागमोडी पाणी काढलं. मी म्हणलं, "पाय कुठंयत?"

"पाण्यात हायत."

"आपल्याकडं कुठाय पाणी? पाणी काढू नको, पाय काढ."

पोरगी रुसली, पण पाय काढले. शेवटच्या मेंढीला रंग पुरला नाही, तिच्या बदकाचे पाय चुन्यानं काढले. ती मेंढी गाभण, कळपात सगळ्यात चांगली.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर पलीकडच्या वस्तीवरल्या म्हाताऱ्याचा कळप आमच्यात घुसला. बघतो तर त्याच्याही मेंढरांवर पिवळी बदकं! त्याची नातही त्याच शाळेत, त्याच व्हिडिओवर शिकलेली.

"माझं बदक कावून चोरलं बे?" तो ओरडला.

"तुझं? तुझं तर बुडालंय. माझं उभं हाय, बघ."

मग आम्ही दोघं म्हातारे वाकून मेंढरांच्या कुशी बघत फिरलो. पाय असलेली माझी, पाण्यातली त्याची. सगळं बेस चाललं होतं, तेवढ्यात माझी गाभण मेंढी पोटापर्यंत पाण्यात जाऊन बाहेर आली. चुना धुऊन गेलेला. बदक हाय, पाय न्हाईत.

त्यानं लगेच तिचा कान धरला. "बिनपायाचं. माझी."

कोकरासकट मेंढी चालली होती. पण मी काय मुकाट्यानं देणारा माणूस न्हाई.

"पाणी दाव," मी म्हणलं.

"कसलं पाणी?"

"तुझ्या समद्या बदकांखाली पाणी हाय. हिच्याखाली दाव."

तो खाली बसला, मेंढीची कूस चोळून चोळून बघितली. पाण्याची एक रेघ सापडली नाही.

"मग हे बदक हाय तरी कशावर बे?" तो चिडून म्हणाला.

"माझ्या मेंढीवर," मी म्हणलं अन् कान सोडवून घेतला.

घरी आल्यावर नातीकडून पाय पक्क्या रंगानं काढून घेतले. आता व्हिडिओत पुढचा धडा माशाचा हाय म्हणते. मी आधीच बजावून ठेवलंय, पाय काढल्याशिवाय मासा माझ्या मेंढरावर चढायचा नाही.