काकू बर्फात काय म्हणाल्या

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांइतका सरळ बोलणारा माणूस अख्ख्या मिशिगन राज्यात दुसरा नव्हता, आणि त्या सरळपणाचा त्यांच्याइतका अभिमान बाळगणारा तर अमेरिकाभर शोधूनही सापडला नसता. दोन हजार चारच्या ऑगस्टमध्ये मी दोन बॅगा घेऊन ॲन आर्बरमधल्या त्या लाकडी घरापाशी उतरले, तेव्हा हे गृहस्थ पायरीवर बसून काचेच्या बीकरमधून चहा पीत होते. वर मराठी मुलगी राहायला येणार हे त्यांना घरमालकानं आधीच सांगितलेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बॅगांकडे पाहिलं आणि म्हणाले, "दोन्हीत मिळून एकही थंडीचा कोट नसणार. मूर्खपणा आहे." ही आमची ओळख. अर्ध्या तासानं माझ्या दाराच्या मुठीला कुणीतरी एक जाड बायकी कोट अडकवून गेलं. तो कोट काकूंचा होता आणि काकूंना जाऊन तीन वर्षं झाली होती, हे मला पहिला बर्फ पडल्यावर कळलं.

काका साताऱ्याकडचे. तरुणपणी इथं पीएचडीला आले, गाईडशी सरळ बोलले आणि पीएचडी तिथंच संपली. मग त्याच केमिस्ट्री विभागात तीस वर्षं त्यांनी ज्योतीवर काच तापवून, फुंकून प्रयोगशाळेची उपकरणं घडवली. घरात स्टीलचं भांडं औषधाला नव्हतं. चहा बीकरमध्ये, ताक फ्लास्कमध्ये, फोडणीचं तेल बारीक नळीनं थेंब मोजून. मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, ते जायचे ते जेवायला की परीक्षा घ्यायला, हे कुणाला ठरवता आलं नाही. एकदा एका हौशी वहिनींनी अळूवडी केली होती. काकांनी एक तुकडा खाल्ला आणि म्हणाले, "ह्यात अळू आहे असं तू म्हणतेस म्हणून मानतो." वहिनी आठवडाभर रडल्या. तरी पुढच्या पॉटलकला काकांना फोन त्यांनीच केला, कारण जानेवारीत त्यांची गाडी बंद पडली तेव्हा बॅटरी जोडायची केबल घेऊन धावत गेलेले काकाच होते. बसमध्ये चढताना ड्रायव्हर बाई त्यांच्यासाठी बटण दाबून बसची पायरी खाली घ्यायची आणि "सीनियर, प्लीज" म्हणून पुढची सीट रिकामी करून द्यायची. काका तिला ठणकावून सांगायचे, "ओल्ड मॅन. से ओल्ड मॅन." एके दिवशी ती शांतपणे म्हणाली, "ओके, यंग मॅन." काका दोन आठवडे तिच्याशी बोलले नाहीत. मग हीच गोष्ट त्यांनी गावभर स्वतःच सांगितली.

गोड शब्दांवर त्यांचा राग होता. पोलिटिकल करेक्टनेस हे नाव त्यांना लांब वाटायचं, म्हणून ते त्याला 'साखरपाणी' म्हणायचे. कुठं एखादा जुना शब्द बदलून नवा, मऊ शब्द आला की काका इथल्या वर्तमानपत्राला पत्र लिहायचे. पत्र छापून यायचं नाही. मग ते शनिवारी मला डाळभाताला बोलवून वाचून दाखवायचे, आणि डाळ निवेपर्यंत आमचं भांडण चालायचं. भांडायला मीही कमी नव्हते. माझे वडील अमरावतीला लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे सांगताना माझी मान आपोआप वर जाते, त्याला माझा इलाज नाही. काका म्हणायचे, शब्द बदलून माणूस बदलत नाही, आंधळ्याला काहीही म्हणा, त्याला दिसणार थोडंच आहे. मी म्हणायचे, दिसत नसेल, पण ऐकू येतं ना.

एका शनिवारी ते फारच चढले. सरळ बोलायला धैर्य लागतं, म्हणाले, तुमच्या पिढीत ते उरलं नाही. मग मी त्यांना एक लग्न सांगितलं. मी नऊ वर्षांची होते, बाबांबरोबर गेले होते. वरात दारात पोचली, नवरी आत गेली, आणि घरातल्या एक बाई मांडवातून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बँडवाल्यांना मागच्या बाजूला बसवा, उरलं की वाढू." खोटं काहीच नव्हतं त्यात. आम्ही बँडवाले होतो, मागेच बसायचो आणि उरलेलंच मिळायचं. मी काकांना विचारलं, "त्या बाईंना किती धैर्य लागलं असेल, काका?"

काका बीकरमधला चहा चमच्यानं उगाच ढवळत राहिले. मग उठून कपाटातून दोन जाड वह्या काढल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या. त्या वह्या काय आहेत ते गावातल्या प्रत्येक मराठी माणसाला माहीत होतं. डेट्रॉइटकडच्या एका छोट्या चॅनेलनं फार वर्षांपूर्वी टीव्हीसाठी एक माहितीपट केला होता. त्यात काका-काकू दोन मिनिटं दिसले होते. चॅनेल कधीच बंद पडलं, फिल्मचं नाव काकांना ठाऊक नव्हतं, आणि काकू गेल्यापासून चार वर्षं ते ती फिल्म शोधत होते. कुठं कुठं पत्रं पाठवली, कुणी काय उत्तर दिलं, सगळं त्या वह्यांत. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला बायकोचा आवाज ऐकायचाय. मला ते पटायचं नाही, कारण काकूंचा आवाज घरातच होता. काकांना फोन केला आणि त्यांनी उचलला नाही, की निरोप घेणाऱ्या मशीनवर रेकॉर्ड केलेल्या काकू स्वच्छ इंग्रजीत म्हणायच्या, आम्ही घरी नाही, निरोप ठेवा. तो निरोप काकांनी पुसलेला नव्हता.

त्या दिवशी त्यांनी खरं कारण सांगितलं. लग्न होऊन काकू नुकत्याच आल्या होत्या, इंग्रजीचा गंध नव्हता. दारात कॅमेरा आला, माइकवाल्यानं काकूंना विचारलं, आमचा हिवाळा कसा वाटतो? काकू मराठीत काहीतरी बोलल्या आणि काकांनी त्याचं इंग्रजी करून सांगितलं. "मी काय सांगितलं ते मला पाठ आहे," काका म्हणाले. "शी सेज इट इज व्हेरी ब्यूटिफुल, अँड द पीपल आर व्हेरी काइंड. पण ती हे म्हणाली नव्हती. ती काय म्हणाली होती ते मला आठवत नाही."

पुढे काकू इंग्रजी शिकल्या, शाळेच्या कँटीनमध्ये वीस वर्षं नोकरी केली. शेवटच्या आजारात हॉस्पिटलमध्ये एकदा त्यांनी विचारलं होतं, "अहो, त्या टीव्हीवाल्यांना तेव्हा तुम्ही काय सांगितलं होतं?" काका म्हणाले, तू म्हणालीस तेच. त्यावर काकू म्हणाल्या, "मग मी काय म्हणाले होते?" काकांनी औषधाची वेळ झाल्याचं सांगितलं आणि नर्सला बोलवायला उठले. काकूंनी पुन्हा विचारलं नाही.

मी तेव्हा युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत तासांवर काम करायचे. पुस्तकं आणि फिती यादीत नोंदवायच्या, जागेवर लावायच्या. वह्या चाळल्या तर काकांनी सगळीकडे एकच विचारलेलं दिसलं: भारतीय विद्यार्थ्यांवरची फिल्म आहे का? मी विचारलं, फिल्म नक्की कशावर होती? म्हणाले, आमच्यावर. पूर्ण पाहिली होती? तर नाही. यांच्याकडे टीव्ही नव्हता, शेजाऱ्यांकडे गेले, पोचायला उशीर झाला, यांची दोन मिनिटं दिसली, शेजाऱ्यांच्या टाळ्यांत एक शब्द ऐकू आला नाही, आणि लगेच टीव्ही बंद करून त्यांनी केक कापला. "काका," मी म्हटलं, "दोन मिनिटं तुम्ही दिसलात म्हणून फिल्म तुमच्यावर होती असं कुणी सांगितलं? मागे काय दिसत होतं ते सांगा." ते रागावले. मग बराच वेळ डोळे मिटून बसले आणि म्हणाले, बर्फ. आणि रस्त्यावरचा बर्फ ढकलणारी मोठी गाडी, तिच्या घरघरीमुळे सगळं दोनदा घ्यावं लागलं होतं.

मी भारत सोडला आणि बर्फ धरला. तीन आठवड्यांत सापडली. तासाभराच्या अंतरावरच्या एका गावात जुन्या अग्निशमन केंद्रात स्थानिक इतिहासाचं छोटं दालन होतं. बंद पडलेल्या चॅनेलची खोकी तिथं आली होती, आणि 'हिवाळा, रस्ते, बर्फ काढणाऱ्या गाड्या' अशा नोंदीखाली एक फीत होती. नोंदीच्या शेवटी लिहिलं होतं: एक परदेशी जोडपं, बाईचं बोलणं समजत नाही. मी हे वाचून दाखवलं तेव्हा काका एवढंच म्हणाले, "चार वर्षं मी भारत भारत करत बसलो. गाढव आहे मी." सरळ बोलण्यात ते स्वतःलाही सूट द्यायचे नाहीत.

मार्चमधल्या एका शनिवारी आम्ही गेलो. रस्त्याकडेला काळवंडलेल्या बर्फाचे ढीग वितळत होते. दालन सांभाळणारी अमेरिकन आजी हौसेनं, बिनपगारी काम करायची. फीत लावण्याआधी तिनं दोनदा माफी मागितली, की यात त्या काळचे काही शब्द आहेत, ते आज आम्ही वापरणार नाही, तशी चिठ्ठीही डब्यावर लावली आहे. काकांनी माझ्याकडे पाहून हळूच म्हटलं, "साखरपाणी." मग पडदा उजळला. गाड्या, मीठ टाकणारे कामगार, पुन्हा गाड्या. आणि मग लाकडी पायरीवर मोठ्या कल्ल्यांचा एक तरुण, आणि त्याच्याच कोटात बुडालेली, बाह्यांतून हातसुद्धा बाहेर न आलेली एक मुलगी. निवेदकाचा भारदस्त आवाज सांगत होता: आणि ही पाहा, या परदेशी विद्यार्थ्याची लाजाळू, मुकी, छोटीशी हिंदू बायको.

"मुकी?" काका म्हणाले. आजीचा चेहरा लाल झाला. "ती मुकी नव्हती," काका तिला इंग्रजीत म्हणाले, आणि हे कुणीतरी लगेच मान्य करायला हवं असल्यासारखे तिच्याकडे बघत राहिले.

तेवढ्यात पडद्यावरची मुलगी बोलायला लागली. आवाज बारीक, पण एकेक शब्द ऐकू येत होता. ती माइककडे बघतच नव्हती, काकांकडे बघून बोलत होती. "थंडीचं काही नाही हो. थंडी सोसते. पण दिवसभर माझ्याशी कुणी बोलत नाही. तुम्ही आल्यावरसुद्धा पुस्तकंच वाचता. मला आईकडं जायचंय, असं सांगा त्यांना." त्यावर तो तरुण माइकपाशी वाकला, हसला, आणि इट इज व्हेरी ब्यूटिफुल म्हणाला. आणि ती, आपलं म्हणणं पोचलं असं समजून, समाधानानं मान हलवत होती. मग परत गाड्या.

आजीनं फीत थांबवली. काकांनी पुन्हा लावायला सांगितलं नाही. एकदाच पाहिलं त्यांनी. आजीनं नोंदीचं कार्ड पुढं केलं आणि विचारलं, बाई काय म्हणतात ते कळलं का, इतकी वर्षं ती जागा रिकामी आहे. काकांनी कार्ड माझ्याकडे सरकवलं. "तू लिही. सरळ लिही."

खरं सांगते, पेन हातात घेतल्यावर माझा हात अडला. शब्द जपून वापरा म्हणून मी त्या माणसाशी दोन हिवाळे भांडले होते, आणि तिथं एखादा मऊ शब्द सहज बसला असता. 'जरा एकटं वाटतं' असं लिहिता आलं असतं. पण ती मुलगी तसं म्हणाली नव्हती. मी तिचं वाक्य न् वाक्य इंग्रजीत उतरवलं, पुस्तकांसकट. काकांनी ते वाचलं आणि म्हणाले, खाली लिही, नवऱ्यानं खोटं सांगितलं. आजी गडबडली. भाषांतरात फरक आहे असं लिहिलं तर चालेल का, तिनं विचारलं. काका नको म्हणाले. मी म्हटलं, "काका, परक्या लोकांपुढे गोंधळलेला पोरगा होता तो. त्यालाही कुणीतरी माणूस समजा." शेवटी मी लिहिलं: नवऱ्यानं हे सांगितलं नाही. काकांनी ते वाचलं आणि होकारार्थी मान हलवली. निघताना दारातून मागं वळून त्यांनी आजीला सांगितलं, डब्यावरची ती चिठ्ठी राहू दे.

परतीच्या वाटेवर ते गाडी चालवताना एकदाच बोलले. "थंडीचं काही नाही, असं म्हणाली ना?"

"हो, काका."

"थंडी चालत होती तिला," ते म्हणाले, आणि पुढं घर येईपर्यंत नुसता वायपरचा आवाज.

यानंतर काका बदलले असं मी लिहिलं तर ते स्वतः पत्र पाठवून खोडून काढतील. पुढच्याच पॉटलकला त्यांनी कुणाच्या तरी बासुंदीला दूध म्हटलं. फक्त मशीनवरचा निरोप ऐकताना मला पूर्वीसारखं वाटेना. काकू सांगत होत्या की आम्ही घरी नाही, आणि मला ती कोटात बुडालेली मुलगी दिसत होती.

दोन हजार सहात मला नोकरी लागली आणि मी प्लेनोला आले. कोट परत करायला खाली गेले, तर काका म्हणाले, टेक्सासात तो घालणं मूर्खपणा आहे, पण ने. इथं बर्फ पडत नाही. मोठं ऑफिस, मोठे रस्ते, सगळे आपापल्या गाडीत. नोव्हेंबरात एका रविवारी दुपारी काकांचा फोन आला. म्हणाले, इकडं पहिला बर्फ पडला. मग त्यांनी विचारलं, "तिकडं दिवसभर तुझ्याशी कुणी बोलतं का?"

मी म्हटलं, हो, बोलतात की, लोक चांगले आहेत.

आणि मी काय म्हणाले ते माझंच मला ऐकू आलं.

"नाही, काका," मी म्हटलं. "कुणी नाही बोलत."

"बरं," ते म्हणाले. "मग बोल."

आणि ज्या माणसानं आयुष्यात कुणाचं वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं, तो पाऊण तास गप्प बसून ऐकत राहिला. मधूनमधून बीकरवर चमचा वाजायचा, तेवढ्यावरून कळायचं, की फोन चालू आहे.