अक्कांची पांढरी गाडी

अक्कांनी आपली नवीकोरी गाडी स्वतः चालवत आणून पोलीस ठाण्याच्या आवारात लावली, तो दिवस माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही.

मी तेव्हा धुळे जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपली होती, तेवढ्यात धुळ्यातल्या एका वर्कशॉपच्या सुपरवायझरचा फोन आला. पहिल्या सर्व्हिसिंगला आलेल्या गाडीवर कोरलेला चेसिस नंबर आरसीवरच्या नंबराशी जुळत नव्हता. चोरीच्या गाडीचं हे नेहमीचं लक्षण. मी स्टेशन डायरीत नोंद केली आणि मालकाला गाडीसह बोलावलं.

मालक निघाल्या सोनगीरच्या निवृत्त मुख्याध्यापिका. सगळं गाव त्यांना अक्का म्हणायचं. साठीनंतर त्या गाडी शिकल्या आणि जळगावच्या शोरूममधून आयुष्यातली पहिली गाडी घेतली. एरवी शुद्ध बोलणाऱ्या अक्का रागाने अहिराणीवर आल्या.

“भाऊ, गाडी मनी शे. बठ्ठा कागद शेतस. आखो काय जोयजे?”

एकच प्रश्न मी तीन वेळा फिरवून विचारला. खोटं बोलणारा माणूस दर वेळी काहीतरी जादा सांगतो. अक्का दर वेळी तेवढंच सांगत होत्या, गाडी माझी आहे, कागद सगळे आहेत, अजून काय पाहिजे? फक्त आवाज चढत होता. दुपारी त्यांचे दोन विद्यार्थी हमी द्यायला आले. दोघांचेही केस पिकलेले. तरी गाडी मला ठेवून घ्यावी लागली. अक्का एसटीने परत गेल्या. जाताना किल्ली माझ्या टेबलावर आपटून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी जळगावला गेलो. शोरूमच्या मॅनेजरने लगेच एका मेकॅनिककडे बोट दाखवलं. “साहेब, तपासणीच्या फॉर्मवर सही यांची आहे.”

त्यांना तिथे आबा म्हणत. ग्राहकाला देण्याआधी प्रत्येक गाडीचे ब्रेक, दिवे, टायर, रंग आणि नंबर तपासणं हे त्यांचं काम. तासभर विचारलं, पण आबा एवढंच म्हणत राहिले, “मी नंबर बघूनच सही केली, साहेब.” मॅनेजरकडे पाहिलं की त्यांची नजर खाली जायची. मी मॅनेजरला बाहेर पाठवलं.

“आबा, अक्कांची गाडी ठाण्यात उभी आहे. गावात त्यांना मान वर करता येत नाही.”

आबा ताडकन उठले. “त्या बाईंनी गाडी नेताना माझे हात हातात घेतले होते. चला साहेब, नोकरी गेली तर जाऊ दे.”

पिंप्राळ्यातल्या घरी जाऊन त्यांनी कपाटातून एक वही काढली. तपासलेल्या प्रत्येक गाडीच्या चेसिस नंबरावर कागद ठेवून, पेन्सिल घासून घेतलेला ठसा त्यात चिकटवला होता, खाली ग्राहकाचं नाव. सगळं कॉम्प्युटरवर असताना हा उद्योग बंद करा, अशी ताकीद मॅनेजरने त्यांना दिली होती. म्हणून शोरूममध्ये त्यांनी वहीचं नाव काढलं नव्हतं.

अक्कांच्या नावावरचा ठसा आरसीशी तंतोतंत जुळला. ठाण्यातल्या गाडीचा नंबर मात्र पुढच्या पानावर सापडला, दीपनगरच्या एका इंजिनिअरच्या नावाखाली. तेच मॉडेल, तोच रंग, तोच दिवस. मी इंजिनिअरला फोन लावला. त्यांनी बॉनेट उघडून एकेक आकडा वाचला. नंबर अक्कांच्या आरसीवरचा! आबांच्या तपासणीनंतर नंबरप्लेट लावणाऱ्याने एका गाडीच्या प्लेटा दुसरीला लावल्या होत्या आणि दोघांनी एकमेकांची गाडी घरी नेली होती. चोर कुणीच नव्हता.

आरटीओच्या परवानगीने गाड्यांची अदलाबदल झाली, त्या दिवशी शोरूमचं लग्नघर झालं होतं. इंजिनिअरची बायको अक्कांच्या गाडीला हळदीकुंकू लावत होती, अक्का आपल्या हातून सीटखाली सांडलेल्या शेवेबद्दल तिची माफी मागत होत्या. शोरूमच्या मालकाने सगळ्यांसमोर आबांची वही हातात घेतली आणि यापुढे प्रत्येक गाडीचा ठसा घ्यायचा, असं मॅनेजरला बजावलं. आबा चष्मा पुसत राहिले. मीही अक्कांची माफी मागितली.

“एका अटीवर,” त्या म्हणाल्या, “धुळ्यापर्यंत माझ्या गाडीत बसायचं.”

मी बसलो. अख्खा रस्ता त्या मजेत गात होत्या.

कागद जुळला नाही की कुणीतरी खोटं बोलतंय, असं मी त्याआधी वर्षानुवर्षं धरून चाललो होतो. त्यानंतर मात्र चौकशीला बसलो की पहिला प्रश्न ठरलेला असे: ही वस्तू स्वतःच्या हातांनी शेवटची कुणी तपासली? आणि त्या माणसाला मी आधी खुर्ची द्यायचो.